उमलत्या वयातील कर्करोग : मनाच्या शुश्रूषेचा आढावा

रुग्णालयाचे दप्तर माणसाचे वय दोनच रकान्यांत मांडते : बालक आणि प्रौढ. बालकक्षाच्या भिंतींवर हत्ती-ससे रंगविलेले असतात, कोपऱ्यात खेळण्यांची पेटी असते आणि परिचारिका प्रत्येकाला ‘बाळा’ म्हणून हाक मारतात. प्रौढकक्षात शेजारच्या खाटेवर घशाच्या अथवा आतड्याच्या कर्करोगाने गांजलेले साठीचे गृहस्थ असतात आणि कामाच्या रेट्यात सापडलेले डॉक्टर नातेवाइकांशी चार वाक्ये बोलून पुढच्या खाटेकडे वळतात. सतरा वर्षांचा मुलगा किंवा वीस वर्षांची मुलगी ह्यांना यांपैकी कोणत्याही कक्षात ठेवले तरी ती तेथे परकीच राहतात. आणि शरीरावरचा इलाज यथासांग चालू असताना मनाची जी उपेक्षा होते, तिचे एक मोठे कारण ह्या परकेपणात आहे. ह्या वयाच्या रुग्णांना उपचारांच्या काळात मनाचा आधार कोणता हवा, तो कोणी द्यावा, जगात इतरत्र त्याची काय तजवीज झाली आहे आणि आपल्याकडे काय आहे व काय नाही, ह्याचा आढावा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. माझे स्वतःचे मत आरंभीच नमूद करतो. आजार ह्या मुलांपासून बरेच काही हिरावून घेतो. त्यापुढे जाऊन आपण, म्हणजे आईबाप, डॉक्टर, शिक्षक आणि आप्तेष्ट, केवळ मायेपोटी आणखी जे हिरावून घेतो, म्हणजे सत्य जाणण्याचा हक्क, निर्णयातला वाटा, एकांत आणि बरोबरीच्यांची संगत, ते त्यांचे त्यांना परत देणे हाच ह्या आधाराचा गाभा होय.

हा प्रश्न फार जुना नाही, कारण ह्या वयाचे कर्करोगी जगू लागल्यालाच फार काळ लोटलेला नाही. १९४८ साली बोस्टनमध्ये सिडनी फार्बर ह्यांनी रक्ताच्या कर्करोगाने मरणपंथास लागलेल्या बालकांना अमिनोप्टेरिन हे औषध देऊन काही महिन्यांपुरता का होईना रोग मागे हटविला. ते औषध ज्या लेडर्ले प्रयोगशाळेतून आले तेथील संशोधनाची सूत्रे भीमावरमला जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव ह्यांच्या हाती होती, ही गोष्ट आपल्याकडे अजूनही पुरेशी ठाऊक नाही. पुढे १९६२ साली मेम्फिस येथे सेंट ज्यूड रुग्णालय सुरू झाले, डोनाल्ड पिंकेल ह्यांनी अनेक औषधे व किरणोपचार ह्यांची सांगड घातली, आणि आज संपन्न देशांत लिंफोब्लास्टिक ल्युकेमिया झालेल्या दहा बालकांपैकी सुमारे नऊ बरी होतात. किशोरवयीनांचे आकडे इतके चांगले नाहीत, आणि आपल्या देशात तर ते रुग्ण कोठे व किती लवकर पोहोचला ह्यावर फारच अवलंबून आहेत. तथापि बरे होण्याची आशा आता खरी आहे. ह्या आशेबरोबरच आली ती उपचारांची लांबण. ल्युकेमियाचा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो : आरंभीचे काही महिने प्रखर औषधांचे, आणि नंतर दीर्घकाळ रोजच्या गोळ्यांचे. म्हणजे सोळाव्या वर्षी निदान झालेल्या मुलाची दहावीनंतरची सारी घडण, मिसरूड फुटण्यापासून महाविद्यालयाच्या पहिल्या दिवसापर्यंत, रुग्णालयाच्या तारखांनी बांधली जाते. हाडांच्या कर्करोगाचा एक प्रकार, ऑस्टिओसार्कोमा, तर नेमका उंची झपाट्याने वाढण्याच्या वयात आणि बहुधा गुडघ्याच्या आसपास उद्भवतो; जो मुलगा काल कबड्डीच्या मैदानावर होता त्याच्यापुढे आज कृत्रिम सांधा की पाय गमावणे हा प्रश्न येऊन उभा राहतो.

ह्या वयोगटाची हद्द कोठून कोठवर धरावी ह्याविषयी देशादेशांत मतभेद आहेत. अमेरिकेत राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या २००६ सालच्या अहवालाने ती १५ ते ३९ वर्षे ठरविली, ब्रिटनमधील प्रमुख संस्था १३ ते २४ मानते, तर ऑस्ट्रेलियात १२ ते २५. हद्दीपेक्षा त्या अमेरिकी अहवालाचे म्हणणे महत्त्वाचे होते : बालकांच्या आणि वृद्धांच्या जगण्यात गेल्या काही दशकांत जी सुधारणा झाली, तिच्या मानाने ह्या मधल्या वयोगटातील सुधारणा रेंगाळली, आणि त्याची कारणे केवळ पेशींत नव्हती; निदान उशिरा होणे, संशोधनात समावेश न होणे, आणि मनाच्या व व्यवहाराच्या गरजांकडे कोणाचेच लक्ष नसणे ही कारणेही तितकीच प्रबळ होती.

कोणत्याही मोठ्या कर्करोग रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी आठच्या सुमारास जाऊन बसले असता ह्या दुर्लक्षाचे स्वरूप डोळ्यांनी दिसते. रक्त देऊन झालेले असते आणि सारे ‘काउंट’ची वाट पाहत असतात, कारण पांढऱ्या पेशींचा काउंट पुरेसा असेल तरच आज केमोची पुढची ‘सायकल’ लागणार, नाहीतर आठवडा वाया. बाकावर एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा बसलेला असतो : टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, तोंडावर मास्क, स्टेरॉइडच्या गोळ्यांनी गाल फुगून डोळे बारीक झालेले, हाताच्या शिरा टोचून टोचून काळवंडलेल्या. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली जाडजूड फाईल आईच्या मांडीवर असते. पुकारा होतो, दोघे आत जातात, आणि डॉक्टर आईला विचारतात, ‘रात्री ताप होता का? तोंडात फोड आहेत का? शौचास झाली का?’ आई उत्तरे देते. मुलगा खाली मान घालून मोबाईलवर वर्गातल्या मुलांच्या सहलीची छायाचित्रे सरकवीत राहतो. ज्याच्या तोंडात फोड आले आहेत त्याच्याच तोंडून त्यांची हकीकत ऐकण्याची पद्धत पडलेली नसते. मिशीची रेघ उमटू लागलेल्या मुलास आईने स्नान घालावे, शौचाची हकीकत आईने सांगावी, आणि त्याविषयी त्याने ब्रही काढू नये, ही स्थिती महिनोन् महिने चालली म्हणजे त्या मुलाच्या मनात जो संताप साठतो तो औषधांवर, आईवर आणि शेवटी स्वतःवरच उलटतो.

आणि तरीही ह्या साऱ्याहून मोठा प्रश्न मौनाचा आहे. ‘त्याला काही सांगू नका, तो खचेल,’ हे वाक्य आपल्याकडील प्रत्येक कर्करोगतज्ज्ञाने शेकडो वेळा ऐकलेले असते. घरात ‘गाठ आहे’, ‘रक्तात इन्फेक्शन आहे’ असे काहीतरी सांगितले जाते, फाईल कपाटात कुलूपबंद होते, आणि रोगाचे नाव उच्चारण्यास जणू मनाई होते. ह्या मौनाचा उगम निखळ मायेत आहे ह्याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही, आणि जे लोक अशा आईबापांना अडाणी म्हणून हिणवितात त्यांनी स्वतःच्या मुलाच्या बाबतीत हे वाक्य मनात तरी येते का, हे आधी तपासून पाहावे. परंतु ह्या मौनाने साधते काय, ह्याचा जो शोध घेतला गेला आहे त्याचा निष्कर्ष फार स्पष्ट आहे. मायरा ब्लूबाँड-लँग्नर ह्या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने अमेरिकेतील एका रुग्णालयात ल्युकेमियाने मरणोन्मुख झालेल्या तीन ते नऊ वर्षांच्या बालकांमध्ये दीर्घकाळ वावरून १९७८ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या चिमुकल्यांना कोणीही काही सांगितलेले नव्हते. तरी आपल्याला काय झाले आहे आणि आपले काय होणार आहे हे त्यांना समजलेले होते. एकमेकांच्या औषधांवरून, नाहीशा झालेल्या सोबत्यांवरून, आईच्या आवाजावरून ती ते ताडीत. आणि आपल्याला समजले आहे हे आईबापांना कळू देत नसत, कारण ते कळले तर आईबाप खचतील किंवा दूर राहू लागतील, अशी त्यांना धास्ती वाटे. म्हणजे दोन्ही बाजूंनी एकमेकांस जपण्यासाठी एकच नाटक चाललेले असे, आणि त्या नाटकात प्रत्येक जण आपल्या भीतीबरोबर एकटा पडलेला असे. जे सहा वर्षांच्या बालकाला कळते ते सतरा वर्षांच्या, विभागाच्या दारावरची पाटी वाचू शकणाऱ्या, औषधाचे नाव मोबाईलवर शोधू शकणाऱ्या मुलापासून लपून राहील, अशी आशा बाळगणे केवळ व्यर्थ होय.

स्वीडनमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेली एक पाहणी ह्या संदर्भात वारंवार उद्धृत होते. ज्यांचे मूल कर्करोगाने दगावले होते अशा चारशेहून अधिक आईबापांना, तुम्ही मुलाशी मृत्यूविषयी बोललात काय आणि आता त्याविषयी काय वाटते, असे विचारण्यात आले. जे बोलले होते अशा १४७ जणांपैकी एकालाही त्याचा पश्चात्ताप नव्हता. जे बोलले नव्हते अशा २५८ जणांपैकी ६९ जणांना, म्हणजे शेकडा सत्तावीस जणांना, आपण बोलावयास हवे होते अशी खंत होती. ही पाहणी परदेशातील, दुःखाला काही वर्षे लोटल्यानंतर केलेली आणि आईबापांच्या स्मरणावर आधारलेली आहे, तेव्हा तिचा दाखला जसाच्या तसा आपल्या एकत्र कुटुंबांना लावता येणार नाही. शिवाय न बोललेल्यांतील बहुसंख्यांना खंत नव्हती, हेही तीच पाहणी सांगते. परंतु बोलल्याने अनर्थ ओढवतो ही जी आपली सार्वत्रिक समजूत आहे, तिला तेथे एकही साक्षीदार सापडला नाही, एवढे निश्चित.

मराठी रसिकांना ह्या प्रश्नाची ओळख एका चित्रपटाने फार उत्कटपणे करून दिलेली आहे. संदीप सावंत ह्यांच्या २००४ सालच्या ‘श्वास’मध्ये कोकणातून आलेले आजोबा आणि डोळ्यांचा कर्करोग झालेला त्यांचा नातू आहेत, शस्त्रक्रियेने जीव वाचेल परंतु दृष्टी जाईल, आणि डॉक्टर आग्रह धरतात की ही गोष्ट मुलाला आधी सांगितली गेलीच पाहिजे. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी राष्ट्रीय पुरस्कारांतील सुवर्णकमळ मिळविणाऱ्या ह्या चित्रपटाचे खरे सामर्थ्य मला असे वाटते की त्याने ‘सांगणे’ ही एका वाक्याची गोष्ट मानली नाही. आजोबांची तयारी, समाजसेविकेची मध्यस्थी, मुलाचा आक्रोश, आणि अंधार होण्यापूर्वी त्याला जग दाखवून आणण्याची धडपड, ह्या साऱ्यांची मिळून ती एक क्रिया आहे. प्रत्यक्षातही अनुभवी डॉक्टर असेच करतात. प्रथम आईबापांना स्वतंत्रपणे बसवून त्यांना नेमके कशाचे भय वाटते हे विचारतात, कारण बापाला डावलून मुलाशी बोलणारा डॉक्टर आपल्या समाजात दोघांचाही विश्वास गमावतो. मग मुलाला काय ठाऊक आहे हे त्याच्याच तोंडून ऐकतात; जेवढे तो विचारील तेवढे सांगतात, खोटे काही सांगत नाहीत; आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसतात, कारण पहिल्या दिवशीचे निम्मे शब्द कानांवरून गेलेले असतात. आईबापांच्या अनुपस्थितीत दहा मिनिटे त्याच्याशी बोलण्याची मुभा मागून घेणे ही ह्यातील सर्वांत साधी आणि आपल्याकडे सर्वांत दुर्मीळ गोष्ट आहे. कायद्याच्या दृष्टीने अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत संमतीची सही आईबापांचीच. पण त्या सहीने मुलाचा होकार मिळाला असे होत नाही, आणि त्याच्या होकारावाचून तीन वर्षांचा उपचार तडीस जाणे कठीण असते.

हे अखेरचे विधान केवळ भावनेचे नाही. स्मिता भाटिया ह्यांनी अमेरिकेत केलेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ल्युकेमियाच्या उत्तरार्धातील रोजच्या गोळ्या ज्यांनी पंचाण्णव टक्क्यांहून कमी वेळा घेतल्या, त्यांच्यात रोग उलटण्याचा संभव लक्षणीय वाढलेला आढळला. गोळ्या चुकविण्याचे प्रमाण लहान मुलांपेक्षा किशोरवयीनांत अधिक असते. ह्याचे कारण उघड आहे : बाकी कोणतीच गोष्ट ज्याच्या ताब्यात उरलेली नाही, त्याच्या ताब्यात ती एक गोळी असते, आणि ती न घेणे हा त्याचा एकमेव नकार असतो. रागावून, धाक दाखवून किंवा ‘तू तर आमचा वाघ आहेस’ अशी भलावण करून हा नकार मोडत नाही. भेटीस येणारे नातलग ज्याला धीर देणे म्हणतात त्यात पुष्कळदा अशी अपेक्षा दडलेली असते की रुग्णाने आपल्यासमोर रडू नये, म्हणजे आपल्याला त्रास होणार नाही. आणि ती अपेक्षा पुरी करता करता मुले थकून जातात.

ह्या बाबतीत एका खेळाची हकीकत सांगण्याजोगी आहे. अमेरिकेतील होपलॅब ह्या संस्थेने ‘री-मिशन’ नावाचा एक संगणकावरील खेळ तयार केला, ज्यात खेळणारा शरीराच्या आत शिरून कर्कपेशींवर औषधांचा मारा करतो. तीन देशांतील ३४ केंद्रांवरच्या, १३ ते २९ वर्षे वयाच्या ३७५ रुग्णांवर त्याची रीतसर तुलनात्मक चाचणी झाली आणि २००८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना हा खेळ मिळाला त्यांनी आपल्या गोळ्या व प्रतिजैविके अधिक नियमाने घेतली, त्यांचे रोगाविषयीचे ज्ञान वाढले, आणि आपण काही करू शकतो हा त्यांचा विश्वासही. त्या खेळात उपदेश नव्हता, सांत्वन तर नव्हतेच. पोटात जाणारी गोळी तेथे काय करते हे मुलाच्या हाती सोपविलेले होते. सिअ‍ॅटलमध्ये अ‍ॅबी रोझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ ते २५ वर्षांच्या रुग्णांसाठी आखलेला कार्यक्रमही ह्याच जातीचा आहे. ताण ओळखून तो हलका करणे, साध्य होईल असे उद्दिष्ट ठरविणे, मनात येणाऱ्या काळ्या विचारांची उलटतपासणी घेणे, आणि जे घडले त्यातून स्वतःपुरता अर्थ शोधणे, ही चार कौशल्ये थोड्याशा बैठकांत एकेकट्याला शिकविली जातात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा रुग्णांचे मनोधैर्य वाढलेले व मनस्ताप कमी झालेला दिसून आला. मला ह्यातील महत्त्वाची गोष्ट ही वाटते की हे शिकविण्यास प्रत्येक वेळी मानसोपचारतज्ज्ञच लागतो असे नाही. नीट तयार केलेली, सहृदय आणि वेळ दिलेली व्यक्ती लागते.

कोणाला अधिक मदत हवी आहे हे ओळखण्याचा उपायही अवघड नाही. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयात १९७७ साली कर्करोग्यांसाठी मानसोपचाराची स्वतंत्र सेवा उभारणाऱ्या जिमी हॉलंड ह्यांच्या पुढाकाराने शून्य ते दहा अंशांची एक मोजपट्टी पुढे प्रचारात आली, जिच्यावर रुग्णाने आपला मनस्ताप स्वतः नोंदवावयाचा असतो. ताप आणि रक्तदाब ज्या नियमाने तक्त्यावर चढतात त्याच नियमाने हा अंक का चढू नये, ह्याला माझ्या मते वेळेच्या सबबीपलीकडे उत्तर नाही. स्वीडनमधील नोंदींच्या अभ्यासात तरुण कर्करोग्यांमध्ये आत्मघाताचा धोका इतरांहून अधिक, आणि त्यातही निदानानंतरच्या पहिल्या वर्षात सर्वाधिक आढळला आहे. तेव्हा ही नोंद पहिल्या भेटीपासून हवी. मुलाने ‘मला हे सगळे नको’ असे म्हटले तर ते हट्टाचे बोलणे मानून सोडून न देता त्याच्याजवळ बसून नीट विचारावे, आणि रात्री-अपरात्री कोणी जवळ नसेल तर भारत सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक हाताशी असावा.

बरोबरीच्यांच्या संगतीचे मोल सर्वप्रथम ओळखले ते रुग्णांनीच. ऑस्ट्रेलियातील ‘कँटीन’ ही संस्था १९८५ साली कर्करोगातून गेलेल्या तरुणांनी स्वतः पुढे होऊन उभी केली. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात १९९० साली टीनएज कॅन्सर ट्रस्टने केवळ किशोरांसाठी पहिला स्वतंत्र कक्ष उघडला. भिंतींवरचे ससे गेले, रात्री जागण्याची, गाणी ऐकण्याची, मित्रांना बोलावण्याची मोकळीक आली, आणि मुख्य म्हणजे शेजारच्या खाटेवर आपल्याच वयाचे, आपल्यासारखेच टक्कल पडलेले कोणीतरी आले. ब्रिटनच्या अधिकृत मार्गदर्शिकेने २००५ साली हा विचार धोरणात उतरविला. मुंबईत १९५१ साली स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आश्रयाने २००९पासून ‘उगम’ हा गट चालतो. बालपणी कर्करोग झालेले आणि आता तरुण झालेले त्याचे सभासद वॉर्डांत जाऊन उपचार चालू असलेल्यांना भेटतात. डॉक्टरांच्या शंभर आश्वासनांनी जे होत नाही ते, समोर उभ्या असलेल्या, केस परत आलेल्या, नोकरीला लागलेल्या एका तरुणाच्या नुसत्या दर्शनाने होते. ह्या मैत्रीला एक दारुण बाजूही आहे. सोबत्यांपैकी एखादा जातो, आणि मागे उरलेल्यांना मित्राच्या मृत्यूबरोबर स्वतःच्या मृत्यूचीही बातमी मिळाल्यासारखे होते. अशा वेळी ‘तो गावी गेला’ असे सांगण्याची जी रीत आहे ती ताबडतोब सोडली पाहिजे, कारण ते कोणालाही खरे वाटत नाही.

आता आपल्या देशाच्या परिस्थितीकडे वळले म्हणजे मनाच्या आधाराचा विचार निवाऱ्यापासून सुरू करावा लागतो, आणि ह्यात मला काही विसंगत वाटत नाही. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, आणि दोराबजींच्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले गेले. तेव्हापासून बिहार, बंगाल, उत्तर प्रदेश, मराठवाडा, विदर्भ अशा दूरदूरच्या मुलखांतून रुग्ण तेथे येत आहेत, आणि जागा न मिळाल्याने भोवतालच्या पदपथांवर राहणारी कुटुंबे हे परळचे जुने दुःख आहे. दादरची संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, आणि २००६पासून बालरुग्णांच्या कुटुंबांना विनामूल्य आसरा देणारी सेंट ज्यूड इंडियाची केंद्रे ह्यांनी ह्या दुःखाचा जो भार उचलला आहे तो मानसोपचारच मानला पाहिजे. ज्या मुलाची आई फुटपाथवर स्टोव्ह पेटवून भात शिजविते, त्याला मन शांत ठेवण्याचे तंत्र शिकविणे क्रूरपणाचे आहे. ह्या वयाच्या मुलाला हिशेब कळतो, हीच तर त्याची पीडा असते. शेत गहाण पडले, बापाची मजुरी बुडाली, बहिणीची शाळा सुटली, ही सारी बेरीज तो निमूटपणे मांडीत असतो आणि तिच्या तळाशी आपले नाव लिहितो. उपचार अर्धवट टाकून गावी परतलेल्या कुटुंबांत हा निर्णय पुष्कळदा मुलानेच मनोमन आधी घेतलेला असतो. म्हणून वैद्यकीय समाजसेवक, जो निधीचे अर्ज भरून देतो, रेल्वेच्या सवलतीचा दाखला मिळवून देतो, फुले योजनेचे कागद लावून देतो, तोच ह्या मुलांचा पहिला आधार ठरतो. ह्या पेशाचा आपल्या देशातील आरंभही मुंबईचाच : १९३६ साली समाजकार्याच्या शिक्षणाची पहिली संस्था येथे निघाली, आणि १९४६ साली जे. जे. रुग्णालयात पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. ऐंशी वर्षे होत आली तरी रुग्णसंख्येच्या मानाने ही पदे आजही अपुरी आहेत, आणि जी आहेत त्यांचा बहुतेक वेळ कागदपत्रांत जातो. बोलण्यास वेळ उरत नाही.

मुलींची कैफियत वेगळीच आहे. आपल्या रुग्णालयांच्या नोंदींत कर्करोग झालेल्या मुलींची संख्या मुलांच्या मानाने जेवढी असावयास हवी तेवढी नसते, ह्याचा अर्थ कित्येक जणी दारापर्यंत पोहोचतच नाहीत. ज्या पोहोचतात त्यांच्या आयांना केसांपेक्षा पुढच्या लग्नाची चिंता असते, आणि ती अनाठायी म्हणता येत नाही. आजार गावात कोणाला कळू नये म्हणून शाळेत खोटे कारण सांगितले जाते, आणि मुलगी मैत्रिणींना मुकते. काही औषधांनी व किरणांनी पुढे मूल होण्याची शक्ती कमी होऊ शकते. मुलांच्या बाबतीत उपचारांपूर्वी वीर्य गोठवून ठेवणे सोपे आहे, मुलींच्या बाबतीत अंडपेशींसाठी अधिक दिवस व अधिक खर्च लागतो. पण दोन्ही बाबतींत ही गोष्ट पहिल्या औषधापूर्वी बोलली गेली पाहिजे, आणि संकोचामुळे ती बोलली जात नाही. वर्षांनंतर, बरे झाल्यावर, हे कळणाऱ्या तरुणांच्या मनात जो विश्वासघाताचा भाव येतो तो आपण टाळू शकतो.

शिक्षणाविषयी थोडक्यात सांगता येईल. अभ्यास हा ह्या मुलांना ओझे वाटत नाही. भविष्यकाळ आहे ह्याचा तो पुरावा असतो. हात थरथरत असल्यास लेखनिक, बैठकीची सोय, हजेरीत सूट, एखाद्या वर्षाचा खंड अपयश न मानणे, एवढी तरतूद शाळेने व मंडळाने केली तर पुष्कळ होते. वर्गशिक्षकाने आठवड्याला एकदा फोन करून वर्गात काय शिकवून झाले हे सांगितले, तरी नाव पटावरून गेलेले नाही हे मुलाला कळते. घरातल्या धाकट्या भावंडांचाही विचार येथेच करावयास हवा, कारण त्यांना आजोळी पाठवून दिले जाते आणि त्यांच्या भीतीची चौकशी कोणीच करीत नाही.

उपचार संपल्याच्या दिवशी पेढे वाटले जातात, आणि पुष्कळांच्या मनाची खरी घसरण त्यानंतर सुरू होते. रुग्णालयाचा धाक जातो तसा आधारही जातो. प्रत्येक ताप म्हणजे रोग परतला असे वाटते, ‘फॉलोअप’च्या आधीचे आठ दिवस झोप लागत नाही, मित्र दोन इयत्ता पुढे गेलेले असतात. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९१ सालीच उपचार पूर्ण झालेल्या बालरुग्णांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण सेवा सुरू केली, ही आपल्या देशातील ह्या स्वरूपाची पहिली सेवा होती, आणि शरीराच्या तपासणीबरोबर शिक्षण, नोकरी, लग्न ह्यांचीही तेथे दखल घेतली जाते. प्रौढकक्षात उपचार घेतलेल्या वीस-बावीस वर्षांच्यांना मात्र असे दार क्वचितच सापडते.

जे बरे होणार नाहीत त्यांच्याविषयी लिहिणे अवघड आहे, परंतु त्यांना वगळून हा आढावा पुरा होणार नाही. डॉ. लुईस डिसोझा ह्यांनी १९८६ साली वांद्र्याला ‘शांती आवेदना सदन’ ही भारतातील पहिली अंतकालीन शुश्रूषासंस्था काढली. तिची शाखा गोव्यातही आहे. वेदना शमविणे हे पहिले कर्तव्य, कारण दुखत असताना मनाचे कोणतेच बोलणे होत नाही. त्यानंतर ह्या वयाच्या रुग्णाला काय हवे असते, ह्याचा शोध अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत लोरी वीनर ह्यांनी तरुण रुग्णांनाच विचारून घेतला, आणि त्यातून २०१२ साली एक पुस्तिका तयार झाली, जिच्यात रुग्ण स्वतः लिहून ठेवतो : मला कोण भेटावयास यावे व कोण येऊ नये, खोलीत कोणते संगीत असावे, माझ्यावतीने निर्णय कोणी घ्यावा, माझ्या वस्तू कोणाला द्याव्यात, माझी आठवण कशी ठेवावी. अशी पुस्तिका मराठीत, आपल्या घरांच्या रीतीभातीस धरून, आईबापांसह बसून भरता येईल अशी, कोणीतरी सिद्ध करावी अशी माझी मनापासून विनंती आहे. आपल्याकडे ह्या गोष्टी बोलल्या जात नाहीत म्हणून मुलांच्या मनात त्या नसतात असे नाही. सायकल धाकट्या भावाला द्यायची हे त्यांचे आधीच ठरलेले असते.

राहता राहिली व्यवस्था. आज जे काही चांगले आहे ते बहुतेक मुंबई-पुण्यात आणि तेही बालरोग विभागाच्या आसपास एकवटलेले आहे. बार्शी, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील कर्करोग रुग्णालयांत उपचारांची सोय वाढत असताना ह्या वयोगटासाठी निराळा विचार तेथेही पोहोचला पाहिजे. त्यासाठी इमारती लागणार नाहीत. प्रत्येक कर्करोग विभागात ह्या वयाच्या रुग्णांची जबाबदारी नावानिशी एका समाजसेवकावर असावी. डे-केअरमधील केमोचा एक वार शक्यतो ह्या वयाच्या रुग्णांना मिळून द्यावा, म्हणजे सलाईन चालू असताना चार-पाच जण आपोआप एकत्र बसतील. पंधरा वर्षांवरील प्रत्येक रुग्णाशी डॉक्टरांनी एकांतात बोलण्याचा नियम करावा. आणि बरे झालेल्या तरुणांना भाडेखर्च व मानधन देऊन वॉर्डांत बोलवावे, कारण त्यांच्या सेवेवर फुकटचा हक्क सांगणे योग्य नव्हे. सरकारी योजनांची रचना ठरावीक उपचारांच्या ठरावीक दरांवर झालेली असल्याने बोलण्यात गेलेल्या अर्ध्या तासाला तेथे मोल मिळणे कठीण जाते. ते मिळवावयाचे तर समुपदेशनाला केमोच्या दरातच अंतर्भूत करून घेण्याची मागणी कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनांनी आणि रुग्णांच्या पालकांनी मिळून शासनाकडे केली पाहिजे, आणि ती करताना दोन बाजूंच्या खुर्च्यांपैकी निदान एका खुर्चीवर उपचारातून गेलेला एखादा वीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी बसलेली असावी.